ढोलीची वहिवाट
(प्रस्तावना)

ज्या स्नेह्यांनी हे पुस्तक लिहिले त्यांची उमेदीची सारी वर्षे रोहे तालुक्यातील निरनिराळ्या सजांत तलाठ्याचे दप्तर सांभाळण्यात गेली. आणि सेवानिवृत्तीनंतर, ज्या वयात बहुतेक माणसे दप्तराचे नाव काढले तरी कपाळाला आठ्या घालतात, त्या वयात त्यांनी केवळ हौसेने एक नवे दप्तर उघडले. लाल कापडात बांधलेली ती वही त्यांनी प्रथम माझ्यासमोर ठेवली तेव्हा, जुन्या सवयीने आखलेले तिचे रकाने पाहून, ती कोण्या गावच्या पीकपाहणीची नक्कल असावी असेच मला वाटले. झाडाची जात, झाड ज्याच्या जमिनीत उभे आहे त्या खातेदाराची हरकत आहे किंवा नाही, ढोलीचे तोंड कोणत्या दिशेस, जमिनीपासून ती किती हात उंच, आणि अखेरचा रकाना ‘प्रत्यक्ष वहिवाट’. या अखेरच्या रकान्यात मनुष्यमात्राचे नाव एकदाही आलेले नव्हते. तेथे तांबट होता, साळुंकी होती, पिंगळा होता, आणि पानांमागून पाने पोपट होता. त्या वहीतूनच प्रस्तुत पुस्तक सिद्ध झाले आहे. ग्रंथकर्त्यांचे नाव मुखपृष्ठावर आहेच. ते येथे पुन्हा पुन्हा घेऊन त्यांच्या भिडस्त स्वभावाला संकोचात टाकणे मला प्रशस्त वाटत नाही.

मी पक्षिशास्त्राचा अभ्यासक नाही, आणि ही अडचण मी त्यांना प्रारंभीच सांगितली होती. त्यावर ते इतकेच म्हणाले, की शास्त्राची पुस्तके शास्त्रज्ञांनी लिहिली आहेत, आपल्याला फक्त आपल्या गावच्या पोपटांची साक्ष नोंदवायची आहे, आणि साक्षीला गावचाच माणूस लागतो. या युक्तिवादापुढे मला बोलता आले नाही.

रोहे आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची दोन गावे आता एकाच नगरपरिषदेच्या हद्दीत नांदतात, आणि त्यांच्यामधील पुलावर सायंकाळी घटकाभर उभे राहिले म्हणजे या पुस्तकाचा विषय आपण होऊन डोक्यावरून जातो. प्रथम ऐकू येतो तो आवाज. कर्कश म्हणावा तर कर्कश, परंतु त्यात घरी परतणाऱ्यांच्या हाका-आरोळ्यांचा जो मोकळेपणा असतो तो स्पष्ट ओळखू येतो. मग अवचितगडाच्या बाजूने दहा-दहा, वीस-वीस पक्ष्यांची टोळी बाणासारखी येते, लांब सडसडीत शेपट्या मागे सरळ ताणलेल्या, पंखांची उघडझाप इतकी जलद की गणती करू म्हटले तर डोळा थकतो. आणि नदीचे पात्र ओलांडून, काही ठरावीक झाडांच्या शेंड्यांवरून तिरपे वळण घेऊन, ती टोळी रात्रीच्या वस्तीकडे निघून जाते. ऋतुमानाप्रमाणे वेळ पुढेमागे सरकते, वाट मात्र फारशी बदलत नाही. बाजारातून पिशव्या घेऊन परतणारी माणसे त्याच वेळी त्याच पुलावरून जातात, आणि शंभरातील एखादाच मान वर करून पाहतो. ज्या गोष्टी रोज विनामूल्य मिळतात त्यांची किंमत करण्याचे आपल्याला सुचत नाही.

या पाखरांचे येथे एवढे का फावले याचे कारण शोधू गेल्यास ते पाण्याशी जाऊन पोचते. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते. टाटांचे हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. आणि वीज निर्माण करून मोकळे झालेले ते पाणी कुंडलिकेला मिळून, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यांच्या वाटेने शेतांत शिरते. सबब जेथे कोकणातील इतर खाचरे दिवाळीनंतर भेगाळून पडतात तेथे आमच्या बाजूला उन्हाळ्यातही भात हिरवे उभे असते. ज्या पाण्यासाठी मुळशी पेट्यातील गावे बुडाली, आणि ज्याच्याविरुद्ध १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडून सेनापती बापटांसारख्या पुरुषाने तुरुंगवास पत्करला, त्या पाण्यावर आमचे दुबार पीक उभे राहते, हे स्मरण रोह्याच्या माणसाने सदैव बाळगले पाहिजे. माणसाच्या अन्नाबरोबर पाखरांचेही अन्न वाढले, एवढे मात्र खरे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, बांधावर तूर असते, वाडीत पेरू असतो, वसंतात काटेसावर, पळस आणि पांगारा फुलले की त्यांच्या फुलांतील मध असतो. थंडीत शेताच्या कडेला मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून आम्ही जी पोपटी लावतो, तिचे आणि या पक्ष्याचे नाव आमच्या तोंडी इतके जवळ येते, हे मला लहानपणापासून मोठे सुखाचे वाटत आले आहे.

‘पोपट’ या एका नावाखाली आपण कितीतरी निराळी पाखरे कोंबतो. गावातून सर्वत्र दिसतो तो कंठवाला, ज्याला संस्कृतात शुक किंवा कीर, आणि घरगुती मराठीत राघू किंवा रावा म्हणतात. शेपटीसह लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, चोच लाल, आणि नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ, जी अंड्यातून निघाल्यापासून साधारण तिसऱ्या वर्षी उमटते. मादीला आणि पोरवयाच्या नराला ती नसते. म्हणून ‘कंठ फुटला म्हणजे पोपट बोलू लागतो’ ही समजूत निराधार आहे. याहून थोराड, खांद्यावर तांबडा डाग असलेला, तो पहाडी पोपट. आणि दुर्दैव असे की त्याचा हा थोराडपणाच पाखरे पकडणाऱ्यांना विशेष भुलवतो. तिसरा तुईया, ज्याच्या नराचे डोके पिकत आलेल्या करवंदासारखे जांभळट-तांबडे, आणि आवाज इतरांपेक्षा कितीतरी मृदू. मुरूड आणि रोहे या दोन तालुक्यांत पसरलेल्या फणसाडच्या रानात, ज्याला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तुईयाला पाहावे. घाटमाथ्याच्या सदाहरित रानात निळ्या पंखांचा आणखी एक पोपट आहे, आणि चिमणीएवढा एक लहानगा, जो वटवाघळाप्रमाणे फांदीला उलटा लटकून झोप घेतो. ग्रंथकर्त्यांनी या सर्वांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत; मला त्यांत पडावयाचे कारण नाही.

मला बोलावयाचे आहे ते आपल्या प्रेमाविषयी. मराठी माणसाचे पोपटावर प्रेम नाही असे कोण म्हणेल? आपल्या ओव्यांत राघू-मैना आहेत, बाळाच्या पाळण्यावर कापडी राघू आहेत, सुरेख नाकाला आपण राघूच्या चोचीची उपमा देतो, आणि वस्त्राच्या एका छटेला त्याचे नाव दिले आहे. पण हे प्रेम जवळून पाहू गेल्यास असे आढळते की ते प्रायः पिंजऱ्यातून पाहिलेल्या पक्ष्यावरचे प्रेम आहे. तो आपले शब्द बोलतो म्हणून आपल्याला तो आवडतो. आणि ज्याला आपण आपले शब्द बोलावयास शिकवले त्यालाच, त्याने ते अर्थ न कळता उच्चारले म्हणून, आपण दूषण देतो. ‘पोपटपंची’ हा शब्द आपल्या भाषेत निंदेचा आहे. रानातील पोपट कोणाची नक्कल करीत फिरत नाही. त्याची स्वतःची हाक, धोक्याची वेगळी, जोडीदाराजवळची हळू गुरगुर वेगळी, पिल्लांची वेगळी, अशी त्याला पुरेशी भाषा आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या शुकाचा दृष्टांत योजला आहे: नळी फिरते, पक्षी तिला घट्ट धरतो, आणि आपणच बांधले गेलो असे समजून सुटत नाही. महाराजांच्या काळीही पोपट असे पकडले जात होते, हे त्या दृष्टांतावरून उघड आहे. आणि त्या नळीवरच्या जीवाला मोकळे पाहावे ही तळमळही त्यातच आहे.

आमच्या घराच्या पडवीतही एक पिंजरा होता. मी सहा-सात वर्षांचा असताना होळीच्या सुमारास दारावर आलेल्या एका फिरत्या इसमाकडून, पुरती पिसेही न फुटलेले ते पिल्लू घेतले गेले. आजीने त्याला कण्या भरवून वाढवले, ‘विठू विठू’ शिकवले, आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ तिच्या बोटांतून घेताना तो इतकी हळुवार चोच लावी की आजीचे डोळे भरून येत. तिच्या मायेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु दिवस मावळताना नदीकडून पोपटांच्या टोळ्या जाऊ लागल्या की तो शिकवलेले सारे विसरे. गजांना चोचीने धरून छताशी उलटा चढे, मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडे लावी, आणि त्याने कधीही न शिकलेली, आमच्यापैकी कोणीही न शिकवलेली ती किंकाळी सर्व बळाने देई. टोळी दूर गेली तरी तो कितीतरी वेळ थांबत नसे. दिवेलागणीच्या वेळी घरात कर्कश आवाज नको म्हणून त्याच्या पिंजऱ्यावर फडके टाकण्याचे काम माझ्याकडे होते. ते काम मी पाच वर्षे केले. ते फडके निळ्या चौकड्यांचे होते, एवढे मला आजही आठवते.

त्या पिल्लाची ढोली कोणत्या झाडात होती, आणि पुढे तिचे काय झाले, हा प्रश्न आमच्या घरात कोणालाही पडला नव्हता. तो मला पडला तो हे हस्तलिखित वाचताना. पिल्ले काढणारा माणूस ढोलीच्या अरुंद तोंडातून हात घालू शकत नाही. तो कुऱ्हाडीने तोंड फोडतो, आणि एकदा फोडलेल्या ढोलीत पाऊस, साप आणि कावळे यांना मज्जाव उरत नसल्याने पोपट तेथे पुन्हा बसत नाही. एका पिंजऱ्यासाठी एक वीणच नव्हे, तर एक घर कायमचे जाते. पोपट स्वतः घर बांधू शकत नाही, ही गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. गवताची काडीही तो आणत नाही. तांबट आणि सुतार हे खरे कारागीर. मऊ, वाळक्या लाकडात त्यांनी कोरलेले भोक, किंवा मोडलेल्या फांदीच्या जखमेतून वर्षानुवर्षे कुजत गेलेली पोकळी, हीच त्याची मालमत्ता. तिचे काठ तो चोचीने कुरतडून आपल्या अंगाजोगते रुंद करतो, आणि लाकडाच्या भुश्यावर मादी चार-पाच पांढरी अंडी घालते. तीन आठवडे ती आत, आणि नर तिला चोचीने चारा भरवतो. नंतर सहा-सात आठवडे पिल्ले आत. म्हणजे माघापासून वैशाखापर्यंत त्या पोकळीवर त्यांचा संसार अवलंबून. ज्या जिल्ह्याने कुळांच्या हक्कांसाठी चरीसारखा १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप पाहिला, त्या जिल्ह्यातील वाचकाला ‘वहिवाट’ या शब्दाचे वजन मी सांगावयास नको. पोपटाच्या नावे कोठेही खाते नाही, सनद नाही; परंतु पिढ्यानुपिढ्यांची वहिवाट आहे, आणि झाड पडले की ती एका दिवसात बुडते.

आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत रथातून उतरण्यापूर्वीच हे तपोवन आहे हे ओळखतो, आणि ज्या खुणांवरून ओळखतो त्यांतील पहिली कोणती? झाडांच्या बुंध्याशी सांडलेले नीवाराचे दाणे, जे वर पोपटांच्या ढोल्यांच्या तोंडातून खाली पडलेले आहेत. कण्वाच्या आश्रमाची ओळख पटवण्यास कालिदासाने यज्ञधूमाच्याही आधी ढोलीतून सांडलेले धान्य पुढे करावे, ही केवढी सूक्ष्म दृष्टी! ज्यांचे बालपण आमच्या रोह्यात गेले त्या चिंतामणराव देशमुखांनी कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांना सारे ओळखतात, पण १९१७ साली केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांनी मिळवले होते हे थोड्यांच्या लक्षात असते. संस्कृत काव्य आणि झाडाची साल या दोहोंची जाण एकाच माणसात असू शकते, हे आमच्या गावाने पाहिले आहे.

आणि बाणभट्ट? मराठीत आपण ज्या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतो त्याला हे नाव ज्या ग्रंथावरून मिळाले, तो ग्रंथ सांगतो कोण, तर वैशंपायन नावाचा पोपट. शूद्रक राजाच्या दरबारात तो पिंजऱ्यातून येतो, आणि आपली हकीकत सांगू लागतो ती पंपा सरोवराकाठच्या एका प्रचंड शाल्मलीच्या ढोलीपासून. एक म्हातारा शबर त्या झाडावर चढतो, एकेका ढोलीत हात घालून पोपट बाहेर काढतो, त्यांच्या माना मुरगाळून खाली फेकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता त्याला पंखांखाली झाकून घेतो आणि तसाच मारला जातो. आणि ते पिल्लू वाळक्या पानांच्या राशीवर पडल्याने तेवढे वाचते. सातव्या शतकातील हा मजकूर आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. पेणपासून कोलाडपर्यंत फाल्गुनात जी लालबुंद फुलते, जिच्या मऊ लाकडात तांबटाला सहज कोरता येते, आणि जिच्या फुलांवर पोपट मधासाठी उतरतात, तीच. आपण ज्याला वाङ्मयाचा वारसा म्हणतो तो अशा रीतीने रस्त्याच्या कडेला काटे अंगावर घेऊन उभा असतो. आणि रस्ता रुंद करावयाचा झाला म्हणजे त्यावर पहिली खूण रंगवली जाते.

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातील जुनी झाडे गेली. रस्ता हवा होता, हे मी नाकारीत नाही. नंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या परसातील रायवळ आंबा त्यात गेला. पणजोबांच्या आधीपासूनचे ते झाड; त्याच्या दक्षिणेकडच्या खोडात, दोन पुरुष उंचीवर एक ढोली होती, आणि मला समजू लागल्यापासून दर माघात तिच्यातून एक हिरवे डोके बाहेर डोकावत असे. करवतवाल्यांनी चौथ्या दिवशी बुंध्याचे ओंडके पाडले, आणि एक ओंडका नेमका त्या पोकळीवरून उभा चिरला गेला. आतून ते घर पाहण्याचा योग असा आला. खोली हातभराहून अधिक. भिंती इतक्या गुळगुळीत की वर्षानुवर्षे हाताळलेल्या उखळासारख्या. तळाशी चार बोटे जाडीचा तपकिरी भुसा, त्यात जांभळाच्या वाळलेल्या बिया, भाताची तुसे, अंड्याच्या कवचाचे नखाएवढे पांढरे तुकडे, आणि एक शेपटीचे पीस. तोंडाच्या काठावर कुरतडल्याच्या खुणा एकावर एक, जुन्या काळ्या पडलेल्या आणि वरच्या ताज्या पिवळट. किती पिढ्यांनी तो उंबरठा झिजवला असेल याचा हिशेब मांडता येईना. पिल्ले तोवर उडून गेली असावीत, एवढेच त्या दिवशी समाधान होते.

वादळावर कोणाचा इलाज नाही. परंतु शांत दिवसांत आपण आपल्या हातांनी जे करतो त्यावर आहे. कोकणातील गृहस्थाला वाडी स्वच्छ लागते; वाळकी फांदी, मेलेला माड, पोकळ बुंधा त्याच्या डोळ्यांत सलतो, आणि पावसाळ्यापूर्वीच्या सफाईत, म्हणजे पिल्ले ढोलीत असताना, तो ते काढून टाकतो. जुन्या लोकांची रीत यापेक्षा बरी होती असे ग्रंथकर्ते म्हणतात आणि मला ते पटते. भाताच्या राबासाठी ते ऐनाची टहाळे छाटीत, पण खोड राखीत. आणि छाटलेल्या बुडख्यांच्या जखमांतून पुढे ढोल्या धरत. घरावर न झुकणारी, रस्त्यावर न येणारी एक वाळकी फांदी ठेवली तर त्या गृहस्थाचे काय जाते?

शेतकऱ्याची तक्रार मात्र मी अशी दोन वाक्यांत काढून टाकणार नाही. पोपट नासधूस करतो हे सत्य आहे. लोंबी तोडायची, दोन दाणे खायचे आणि उरलेली टाकून दुसरीकडे जायचे, पेरूला एकेक चोच मारून ठेवायची, ही त्याची रीत. दसऱ्याला धावीर महाराजांची पालखी निघते त्या सुमारास हळवे भात पिकते आणि तेव्हाच टोळ्या खाचरांवर उतरतात. ज्याचे वर्षाचे धान्य त्या चार खंडींवर आहे त्याला सौंदर्याचे प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. पण एक गोष्ट त्याने पाहावी. बांधावरच्या तुरीवर बसलेला पोपट मी दहा हातांवरून पाहिला आहे: एका पायावर उभा, दुसऱ्याच्या मुठीत शेंग, दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी ती मूठ माणसाच्या पंजासारखी वळलेली, शेंगेची शिवण चोचीने उसवून, जाडसर जिभेने दाणा फिरवून, साल अलगद बाहेर टाकून, तो पुढच्या दाण्याकडे वळे, आणि मध्येच शेंग डोळ्यांसमोर धरून निरखी. आमच्या बाजूला पूर्वापार राखण असे. मांडवावर बसून डबा बडवणारी, गोफण फिरवणारी पोरे असत. पाखरू उडवायचे, मारायचे नाही, हा अलिखित दंडक होता. अमेरिकेत तो नव्हता. तेथे कॅरोलिना पोपट नावाची एक जात पूर्वेकडील मोठ्या मुलखात हजारोंनी होती. बागांचे नुकसान करतो म्हणून बागाईतदारांनी तिला गोळ्या घातल्या, आणि एक पडला की बाकीची टोळी त्याच्याभोवती घिरट्या घालीत परत येई, त्यामुळे सारी टोळीच मारणे सोपे झाले. पोकळ झाडांची रानेही तुटली. त्या जातीचा पिंजऱ्यातील शेवटचा पक्षी १९१८ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

कायद्याविषयी थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट संरक्षित आहेत, १९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्यांना दुसऱ्या अनुसूचीत घातले आहे. घरात देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे चांगल्या शिकलेल्या घरांतही माहीत नसते. जखमी पक्षी किंवा पडलेले पिल्लू आढळल्यास वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. पण कायदा पक्ष्याला संरक्षण देतो, त्याच्या वाळक्या फांदीला देत नाही; आणि जोवर ती उभी नाही तोवर संरक्षण केवळ कागदावर राहते, असे एका तलाठ्याने लिहावे याला विशेष अर्थ आहे.

मॉरिशसचे उदाहरण त्यांनी पुस्तकाच्या मध्यावर दिले आहे. कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती ज्या बेटावर आजही आहे, त्या बेटावर आपल्या कंठवाल्याचा एक सख्खा भाऊबंद राहतो, जो जगात दुसरीकडे कोठेही नाही. मूळ रान तुटले, ढोल्यांची झाडे संपली, उंदीर-माकडांनी अंडी खाल्ली, आणि १९८० च्या दशकात तो पक्षी बोटांवर मोजण्याइतका उरला. तेथील लोकांनी मग काय केले? उरलेल्या ढोल्यांची डागडुजी केली, पाणी शिरत असेल तेथे बंदोबस्त केला, लाकडी पेट्या झाडांवर बांधल्या. आज ते पक्षी कित्येक शेकडे आहेत. आपला पोपट त्या टोकाला गेलेला नाही. म्हणूनच आपल्याला करावयाचे ते इतके सोपे आहे.

या पुस्तकात एक उणीव वाचकाला जाणवेल, ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. मूळ वहीत प्रत्येक झाडाची चतुःसीमा आहे. छापील पुस्तकात एकाही झाडाचा ठावठिकाणा नाही. पिल्ले काढणाऱ्यांच्या हाती आयता नकाशा पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या अनेक वर्षांच्या श्रमांतील हा सर्वांत मोलाचा भाग गाळला. सालीम अली यांनी याच जिल्ह्यात, किहीमला, सुगरणींच्या घरट्यांपुढे बसून महिनेच्या महिने काढले आणि १९३० च्या सुमारास त्यावर लिहिले. त्यांना असा संकोच करावा लागला नाही, कारण सुगरणीला कोणी बोलावयास शिकवीत नव्हते.

आता एकच नोंद सांगून ही प्रस्तावना पुरी करतो. आंबा पडल्यानंतरच्या माघात पोपटांची एक जोडी सकाळी आमच्या परसात आली, आणि जेथे खोड होते त्या रिकाम्या हवेत, ढोलीच्या नेमक्या उंचीवर, दोनतीनदा गोल फिरून ओरडत निघून गेली. असे ती चारपाच दिवस करीत होती. त्याच परसात वादळाने शेंडा उडवलेला एक माड नुसता खांबासारखा उभा होता. तो पाडण्याचे घरात ठरले होते, कोयता-दोरी घेऊन माणूसही आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवले. त्या पावसाळ्यानंतर सुताराने माडाच्या वरच्या अंगाला भोक पाडले, आणि पुढच्या वर्षी, माघ उजाडताच, त्या भोकाचा काठ कोणीतरी कुरतडून रुंद केलेला दिसला. खाली अंगणात पिवळट भुसा पडला होता. मी निरोप पाठवला. ग्रंथकर्ते दुपारच्या उन्हात सायकलवरून आले, पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी लाल कापड सोडले, वर पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग आपल्या वळणदार तलाठी अक्षरात लिहिले: झाड माड, मृत. खातेदाराची हरकत नाही. तोंड पूर्वेस. प्रत्यक्ष वहिवाट: पोपट, जोडी एक.